टॅब की स्पेस हे मशीनला ठरवू द्या, वाद नावांवर घाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंड्यात सहा जणांची टीम आहे, हॉटेलं आणि गेस्ट हाउसांसाठी बुकिंग-बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. सर्व्हरवर पायथन, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट. दोन सीनियरांपैकी एकाला ओळ आत सरकवायला टॅब हवा, दुसऱ्याला चार स्पेस. एक जण नावं कॅमल केसमध्ये लिहितो (शब्द जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं), दुसरा शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर घालतो. रिव्ह्यूमधल्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना दिलेल्या, अर्ध्या सूचना मोकळ्या जागा आणि कंसांबद्दलच असतात. जुना कोड ज्यांनी लिहिला ते केव्हाच बंगळूरला गेले. विचारलं आहे ते हे: यातली चांगली शैली कोणती, जुन्या कोडचं काय करायचं, आणि शेवटचा शब्द कोणाचा?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. पायथनसाठी ब्लॅक आणि जावास्क्रिप्टसाठी प्रेटिअर हे फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारी साधनं), दोन्ही त्यांच्या मूळ सेटिंगवर ठेवून, याच आठवड्यात बसवा. ब्लॅकऐवजी रफचा फॉरमॅटर घेतलात तरी चालेल. तो कोड जवळजवळ तसाच लावतो आणि बराच वेगवान आहे. एवढं झालं की टॅब, स्पेस, कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम हे सगळे विषय संपले. उरलेलं उत्तर लांब आहे, कारण हे विषय संपल्यावरच खरं काम सुरू होतं. कोड एकसारखा दिसणं मशीनकडून करून घेता येतं. तो वाचता येणं मात्र माणसांनाच जमवावं लागतं, आणि तुमच्या टीमची शक्ती आज पहिल्याच कामात खर्च होते आहे.

(कोडमधली नावं खाली देवनागरीत लिहिली आहेत ती फक्त वाचायला सोपी जावीत म्हणून. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतच असतात.)

पायथनचा पेप ८ हा शैलीच्या नियमांचा दस्तऐवज २००१चा. पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला. चार स्पेसचं इंडेंटेशन (ओळ आत सरकवणं), ७९ अक्षरांची ओळ, फंक्शनची नावं लहान अक्षरांत अंडरस्कोअर घालून, क्लासची नावं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून, हे सगळं त्यात आहे. पण तो नियमांचा कागद आहे. पाळायचा माणसांनी, तपासायचा माणसांनी आणि त्याचा अर्थ लावून भांडायचंही माणसांनीच. २००९ साली गो भाषा आली ती गोफम्ट हे फॉरमॅटिंगचं साधन बरोबर घेऊनच, आणि आज त्याला शैली बदलायची सेटिंगच नाही. गोफम्टची शैली कोणाचीच लाडकी नाही, तरी गोफम्ट सगळ्यांचा लाडका आहे, अशा अर्थाचं, गोच्या जनकांपैकी एक असलेल्या रॉब पाइक यांचं म्हणणं गोवाले अजून सांगतात. (गो भाषावाले बरं का, आपण गोंयकार नव्हे.) प्रेटिअर २०१७ मध्ये आणि ब्लॅक २०१८ मध्ये त्याच वाटेने गेले. ब्लॅक तर स्वतःची ओळखच तडजोड न करणारा फॉरमॅटर अशी करून देतो.

सेटिंग कमी असणं हाच या साधनांचा गुण. तुमचे दोघे सीनियर आपापल्या जागी बरोबर आहेत. टॅबच्या बाजूने एक खरोखर वजनदार मुद्दा आहे: ज्याची नजर अधू आहे त्याला टॅबची रुंदी आपल्या एडिटरमध्ये हवी तशी ठेवता येते. लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आजही टॅबवर आहे, तोही आठ अक्षरांचा. गोफम्टही टॅबच घालतो. पायथनच्या जगाने चार स्पेस घेतल्या, आणि पायथन ३ तर टॅब-स्पेसची संदिग्ध मिसळ दिसली की फाइल चालवायलाच नकार देतो. यात कोण जिंकायला हवं होतं हा प्रश्न तुमच्या टीमच्या हातात कधीच नव्हता. ज्या भाषेत लिहिता तिथल्या बहुसंख्यांचं जे चालतं ते घ्या. उद्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नवा मुलगा आला, तर त्याने इंटरनेटवर पाहिलेला कोड आणि तुमचा कोड सारखा दिसला पाहिजे.

ओळीच्या लांबीचंही तसंच. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८च्या पंच कार्डातून आला, त्यावर ८० स्तंभ असत. पुढे टर्मिनलांनीही तीच रुंदी घेतली आणि कार्डं गेली तरी आकडा राहिला. ब्लॅक ८८ वर थांबतो, प्रेटिअर ८० वर. लिनक्स कर्नलच्या तपासणी-स्क्रिप्टने २०२० मध्ये इशाऱ्याची मर्यादा १०० केली. माझ्या डोळ्यांना १०० बरं वाटतं, पण त्यासाठी मी सेटिंगची फाइल उघडणार नाही.

आता सीनियरांपैकी कोणी म्हणेल की इंडेंटेशन ही नुसती नटण्याची गोष्ट आहे, त्यावर वेळ का घालवायचा. त्याला २०१४चा ॲपलचा बग दाखवा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोन आणि मॅक दोन्हींसाठी घाईने दुरुस्ती काढावी लागली. सर्व्हरची ओळख तपासणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये "गोटू फेल", म्हणजे फेल नावाच्या जागी उडी मार, ही एक ओळ चुकून दोनदा आली होती. त्याचा सांगाडा असा:

इफ ((एरर = तपास_एक(...)) != ०)
    गोटू फेल;
    गोटू फेल;
इफ ((एरर = तपास_दोन(...)) != ०)
    गोटू फेल;

दुसरं "गोटू फेल" पहिल्याच्या खाली, तेवढंच आत सरकून बसलेलं. डोळ्यांना ते इफच्या पोटातलं वाटतं. पण महिरपी कंस नसल्यामुळे इफच्या पोटात फक्त पहिली ओळ येते. दुसरी काहीही झालं तरी चालते. म्हणजे पुढची तपासणी कधी होतच नव्हती, आणि तोवर एररची किंमत शून्य असल्यामुळे "सगळं ठीक" असं उत्तर जात होतं. सहीची तपासणी न होताच सर्व्हर खरा ठरत होता. फेल नावाच्या जागी जाऊन यशस्वी व्हायचं, असला हा प्रकार.

यावर सगळे सांगतात ते "नेहमी कंस घाला". बरोबरच आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. ही फाइल कुठल्याही फॉरमॅटरमधून गेली असती तर त्याने दुसरी ओळ मुकाट डावीकडे ओढली असती, कारण फॉरमॅटर कोड वाचतो तो कंपायलर वाचतो तसा. उघडी पडलेली ती ओळ रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांत खुपली असती. २०१६च्या जीसीसी ६ या सी कंपायलरमध्ये फसव्या इंडेंटेशनचा इशारा आला, तो असल्याच चुका पकडण्यासाठी.

तुमच्या जावास्क्रिप्टमध्येही असाच एक खड्डा आहे. महिरपी कंस नव्या ओळीवर टाकायची सवय सी शार्पमधून आलेल्यांना असते. तिथे ती चालते. इथे पाहा:

रिटर्न
{
    अमाउंट: टोटल
};

जावास्क्रिप्ट रिटर्नच्या पुढे ओळ संपलेली पाहून स्वतःच अर्धविराम घालते आणि फंक्शन काहीच न घेता परततं. वर गंमत अशी की आत एकच नाव असल्यामुळे भाषा त्या कंसाला साधा ब्लॉक समजते आणि "अमाउंट:" ला लेबल. चूक म्हणून काही दिसत नाही, बिलावर फक्त रक्कम येत नाही. प्रेटिअर चालवलात की रिटर्नच्या पुढे अर्धविराम घातलेला स्वच्छ दिसतो. तेव्हा कंस कुठे टाकायचा हा जावास्क्रिप्टमध्ये आवडीनिवडीचा प्रश्न उरलेला नाही.

एवढ्यावर मशीनचा भाग आटोपतो. आता नावं.

तुमच्या कोडची मी कल्पना करतो. पाहुण्याला एका फाइलीत गेस्ट म्हटलं असेल, बिलिंगमध्ये कस्टमर, ट्रॅव्हल एजंटच्या भागात पॅक्स, आणि लॉगिन ज्याने लिहिलं त्याने यूजर. चारही एकच माणूस? बहुधा नाही. ज्याने खोली घेतली तो, ज्याच्या नावावर बिल निघालं ती कंपनी, ज्याने ॲपवर बुकिंग केलं ती त्याची मुलगी: ही तीन वेगळी माणसं आहेत आणि तुमच्या क्लायंटच्या रिसेप्शनवरच्या बाईला ती नेमकी माहीत आहेत. कोडला माहीत नाहीत. इथे भांडा. तासभर भांडलात तरी तो तास वाया जाणार नाही. निष्कर्ष एका साध्या फाइलीत लिहून ती कोडच्या शेजारीच ठेवा: गेस्ट म्हणजे खोलीत राहणारा, बुकर म्हणजे बुकिंग करणारा, पेयर म्हणजे बिल भरणारा, आणि कस्टमर हा शब्द वापरायचा नाही. वीस-पंचवीस शब्दांची ही यादी कुठल्याही मोठ्या कंपनीच्या शंभर पानी शैली-नियमांपेक्षा तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

गोव्यात या यादीला आणखी एक कप्पा लागतो. आपल्या गावांची आणि तालुक्यांची नावं बोलण्यात एक आणि सरकारी इंग्रजी कागदावर दुसरी. डिचोली तिथे बिचोलिम होते, साखळी सँकेलिम, पेडणे पेर्नेम, केपे केपेम. रोमनमध्ये तर म्हापशाची अक्षरं प्रत्येक जण आपल्या कानाप्रमाणे मांडतो. पत्त्याच्या खान्यात लोक हवं ते टाइप करतील, त्याला इलाज नाही. पण कोडमध्ये तालुक्याला एक ठरलेली खूण हवी, सरकारी इंग्रजी स्पेलिंगवर बेतलेली, आणि मराठी, कोकणी, इंग्रजी नावं दाखवायचं काम वेगळ्या तक्त्यावर सोपवलेलं हवं. तसं नसेल तर कुठेतरी डिचोलीशी तुलना करणारा इफ असतो, कुठेतरी बिचोलिमशी, आणि अहवालात त्या तालुक्यातली निम्मी गेस्ट हाउसं गायब असतात. कोमुनिदाद, मुंडकार, फॉर्म एक-चौदा यांसारख्या गोव्यातल्या जमिनीच्या कागदांवरच्या शब्दांनाही हाच न्याय. त्यांचं इंग्रजी भाषांतर करून नाव देऊ नका. कायद्यात आणि कागदावर जसा शब्द आहे तसाच रोमनमध्ये घ्या, स्पेलिंग एकदा ठरवा आणि यादीत टाका.

मग एक जण हमखास विचारतो, सरळ मराठीतच नावं का नाही? पायथन ३ देवनागरी नावं चालवतं, जावास्क्रिप्टही चालवतं. मी तरी देऊ नका असंच सांगेन. दर ओळीला कीबोर्ड बदलावा लागतो हा एक त्रास झाला. दुसरा छुपा आहे. देवनागरीत एकच दिसणारं अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं; नुक्त्याची अक्षरं हे नेहमीचं उदाहरण. पायथन नावं वाचताना दोन्ही रूपं एक करून घेतं, जावास्क्रिप्ट घेत नाही. डोळ्यांना एकच दिसणारी दोन व्हेरिएबलं शोधत बसायची हौस असेल त्याने तो प्रयोग घरी करावा. टिप्पण्यांचं निराळं. टीममधले सगळे मराठी वाचत असतील तर एखादा अवघड व्यवहार मराठीत समजावून लिहिण्यात काही गैर नाही. पण गोव्यातल्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर केरळचा किंवा बिहारचा मुलगा असतोच, तेव्हा इंग्रजी सोयीची.

नावात एककही घाला. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत होतं आणि दुसरं ते न्यूटन-सेकंद समजून घेत होतं. तुमच्याकडे पाउंड नाहीत, पैसे आहेत. काही पेमेंट गेटवे रक्कम पैशांत मागतात, म्हणजे ४,५०० रुपयांसाठी ४५०००० पाठवायचे. आणि स्क्रीनवर रुपये. नुसतं "अमाउंट" नाव असलेल्या व्हेरिएबलात यातलं काय आहे हे तीन फाइली उघडल्याशिवाय कळत नाही. "अमाउंट_पैसे" लिहिलं की शंभरने गुणायचं राहिलं किंवा दोनदा गुणलं, ते रिव्ह्यूमध्येच दिसतं. तारखांचंही असंच: "चेक_इन_डेट" म्हणजे नुसता दिवस, "चेक्ड_इन_ॲट" म्हणजे वेळेसकट क्षण. एवढा भेद नावात आला तर उशिरा रात्री आलेल्या पाहुण्याचं एक रात्रीचं भाडं कुठे हरवणार नाही.

आता एक तुकडा जवळून पाहू. खोलीवरचा जीएसटी लावणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी असा पाहिला आहे:

इफ आर > ७५००:
    टी = आर * ०.१८
एल्स:
    टी = आर * ०.१२

ब्लॅकला यात खोट दिसणार नाही. चार स्पेस आहेत, ओळी आखूड आहेत, एकसारखेपणात पैकीच्या पैकी गुण. वाचणाऱ्याला मात्र आर म्हणजे काय हे ठाऊक नाही: एका रात्रीचं भाडं, की सगळ्या मुक्कामाचं? कर दररोजच्या भाड्यावरून ठरतो. तीन रात्रींचे ९,००० रुपये इथे आले तर पाहुण्याला चुकीचा १८ टक्के लागला. शिवाय १२ हा आकडा कधीचा? १८ जुलै २०२२ पूर्वी १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीला कर नव्हता. त्या दिवसापासून तिलाही १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीचा दर ५ टक्के झाला, इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे हॉटेलला खरेदीवरचा कर वजा न मिळता. ज्यांच्या कोडमध्ये ०.१२ अकरा जागी पसरला होता त्यांनी तो दिवस फाइलींमध्ये शोधाशोध करण्यात घालवला, आणि ज्यांनी सगळीकडे १२ पुसून ५ लिहिला त्यांच्याकडे ऑगस्टचं जुनं बिल पुन्हा छापलं की त्यावर नवा दर येऊ लागला.

हेच असं लिहिता येतं:

रेट = जीएसटी_रेट_फॉर(टॅरिफ_पर_नाइट_पैसे, सप्लाय_डेट)
टॅक्स_पैसे = राउंड_टॅक्स(टॅरिफ_पर_नाइट_पैसे * रेट)

आणि दर एकाच तक्त्यात, "या तारखेपासून" या खान्यासकट. तक्ता धरला तर ओळी काही कमी झाल्या नाहीत. पण एका रात्रीचं भाडं घ्यायचं, पैशांत घ्यायचं, तारखेवरून दर ठरतो, आणि गोळाबेरीज कुठेतरी एकाच जागी ठरवली आहे, एवढ्या गोष्टी वाचताना आपोआप कळतात. वर एक टिप्पणी घाला, पण "इथे कर काढला आहे" अशी नको, ते दिसतंच आहे. "जुनं बिल पुन्हा छापताना जुनाच दर लागला पाहिजे म्हणून आजची तारीख वापरलेली नाही" अशी घाला. कोड काय करतो ते कोडमध्ये असतं. तो असा का आहे ते फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतं आणि तो बंगळूरला जातो.

हा दरांचा तक्ता, किंवा सीझन-ऑफसीझनच्या भाड्यांचा तक्ता, हाताने रकाने जुळवून लिहिलेला असेल तर फॉरमॅटर ते मोडून टाकेल. अशा जागी ब्लॅकला "फॉरमॅट ऑफ" आणि "ऑन" असं टिप्पणीतून सांगता येतं, प्रेटिअरला पुढचा तुकडा सोडून दे म्हणता येतं. ही सवलत तक्त्यांपुरतीच ठेवा. एखादा सीनियर आपली संपूर्ण फाइल ऑफ करून बसला तर तो पळवाट काढतो आहे.

फंक्शन किती लांब असावं यावर मी आकडा देत नाही. लिनक्सच्या शैली-नियमांत म्हटलं आहे की तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर प्रोग्रामच दुरुस्त करा, ते मला पटतं. बुकिंग रद्द झालं असेल तर लगेच परता, पैसे आले नसतील तर परता, आणि मुख्य काम डाव्या कडेजवळ ठेवा. इफच्या आत इफच्या आत इफ लिहिणाऱ्याला ८८ अक्षरांची मर्यादा जाचते ती यामुळेच, आणि जाचू द्यावी.

जुना कोड. सरसकट सगळ्यावर फॉरमॅटर चालवा, पण एकाच दमात आणि एकट्याच कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातल्या एका नोंदीत). त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल नको, स्पेलिंगची दुरुस्तीसुद्धा नको. ब्लॅक बदलाआधीचा आणि नंतरचा कोड रचनेने सारखाच आहे ना हे स्वतः तपासतो. तरी टेस्ट चालवा. आधी सगळ्या उघड्या ब्रँच (ज्याच्या त्याच्या चालू कामाच्या वेगळ्या प्रती) मुख्य कोडमध्ये मर्ज करून घ्या, नाहीतर प्रत्येकाच्या ब्रँचमध्ये शेकडो ओळींचे तंटे उभे राहतील. वेळ कोणती? तुमचे क्लायंट हॉटेलवाले. ऑक्टोबर ते मार्च त्यांच्या सिस्टीमला बोट लावू नका. जून-जुलैत पाऊस कोसळत असतो, खोल्या रिकाम्या असतात, क्लायंटचा फोनही शांत असतो. तेव्हा उरकून घ्या.

या कमिटमुळे "ही ओळ कोणी लिहिली" असं गिटला (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) विचारलं की दर ओळीला फॉरमॅटर चालवणाऱ्याचं नाव येतं, अशी तक्रार होईल. त्याला उपाय आहे. गिटच्या २०१९च्या २.२३ आवृत्तीपासून अशा कमिटांचे क्रमांक एका फाइलीत लिहून ब्लेमला (ओळ कोणाची ते सांगणाऱ्या गिटच्या आज्ञेला) ते वगळायला सांगता येतं. गिटहबही ती फाइल ओळखतं, फक्त तिचं नाव गिटहबला हवं तेच ठेवा. त्याच दिवशी ओळीच्या शेवटाचा घोळही मिटवा: विंडोजवाल्याने फाइल सेव्ह केली की सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात, तो प्रकार गिटॲट्रिब्यूट्सच्या फाइलीत एक ओळ घातली की थांबतो. मेकफाइल (प्रोग्राम बांधायच्या आज्ञांची फाइल) असेल तर तिथे टॅब लागतोच, टॅबशिवाय ती चालतच नाही. एडिटरकॉन्फिगमध्ये (एडिटरांना मांडणीचे नियम सांगणाऱ्या फाइलीत) तिच्यासाठी वेगळी नोंद ठेवा.

नावांच्या बाबतीत असा धडाका लावू नका. जुनी नावं बदलायची ती त्या फाइलीत काही कामानिमित्त हात घालाल तेव्हा, वेगळ्या कमिटमध्ये. डेटाबेसचे रकाने आणि बाहेरच्या ॲपला जाणारी नावं तर तशीच राहू द्या. एखाद्या हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या फोनमध्ये तुमच्या ॲपची दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती असते आणि तिला जुनंच नाव समजतं. कॅमल केस की अंडरस्कोअर हा तुमचा वादही इथेच सुटतो. पायथनमध्ये अंडरस्कोअर, जावास्क्रिप्टमध्ये कॅमल केस, कारण त्या त्या भाषेत तेच रूढ आहे. दोन्हींच्या मधल्या जेसनमध्ये (सर्व्हर आणि ब्राउझर ज्या साच्यात माहिती पाठवतात त्यात) कॅमल केस ठेवा आणि रूपांतर सर्व्हरच्या दारातच, एकाच जागी करा. पायडँटिक ही माहिती तपासणारी पायथनची लायब्ररी वापरत असाल तर त्यात टोपणनावांची सोय आहे. जेसनमधलं नाव तसंच्या तसं पायथनच्या आतपर्यंत झिरपू दिलं की सहा महिन्यांत कोडमध्ये "चेक_इन_डेट" आणि कॅमल केसमधली "चेकइनडेट" दोन्ही नांदू लागतात, आणि एकात किंमत असते, दुसरी रिकामी.

शेवटचा शब्द कोणाचा, हा तिसरा प्रश्न. दिसण्यापुरता शब्द सेटिंगच्या फाइलीचा. फॉरमॅटर प्रत्येकाच्या एडिटरमध्ये सेव्ह करताना चालू द्या, प्री-कमिटमध्ये (कमिटच्या आधी आपोआप होणाऱ्या तपासणीत) बसवा, आणि सर्व्हरवरच्या तपासणीत कोड त्या साच्यात नसेल तर मर्जच होऊ देऊ नका. त्यानंतर रिव्ह्यूमध्ये स्पेसबद्दल लिहायला बंदी. कोणाला नियम पटत नसेल तर त्याने सेटिंगच्या फाइलीत बदल सुचवावा आणि सगळ्या कोडवर तो चालवून दाखवावा. बहुतेकांची हौस तिथेच फिटते. लिंटर (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन) मात्र हळूहळू वाढवा. सुरुवातीला न वापरलेलं व्हेरिएबल, न ठरवलेलं नाव, गिळून टाकलेली एरर, एवढेच नियम. पहिल्याच दिवशी दोनशे नियम चालू केलेत तर हजारो इशारे येतील, आणि टीम त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकेल.

नावांच्या यादीचा शब्द मात्र सीनियरांचा नसावा. क्लायंटशी जो रोज फोनवर बोलतो, अनेकदा तो सपोर्टवाला पोरगाच असतो, त्याला त्या बैठकीला बसवा. गेस्ट आणि पेयर यांच्यातला फरक त्याने दहा वेळा फोनवर ऐकलेला असतो. आणि दोघा सीनियरांना एकत्र बसवून फॉरमॅटिंगची ती पहिली मोठी कमिट त्यांच्याच हातून करून घ्या, म्हणजे उद्या ब्लेममध्ये नाव आलंच तर दोघांचंही येईल.